रताळ्याच्या वाफ्यांवर जगणारं गाव

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मी पापुआला गेले होते आणि त्यावर लिहीन लिहीन म्हणत इतकी वर्षं गेली. तिथून आल्यावर ज्याला त्याला एकच विचारायचं असायचं, ते आदिवासी अजून अश्मयुगात राहतात ना गं? तेव्हा मला नीट उत्तर देता यायचं नाही, नुसता राग यायचा. म्हणून आज जे पाहिलं ते सरळ लिहून काढते.

आधी जागा सांगते. न्यू गिनी बेटाचा पश्चिमेकडचा अर्धा भाग इंडोनेशियाचा आहे, पूर्वेकडचा पापुआ न्यू गिनी हा वेगळा देश. इंडोनेशियाकडचा भाग म्हणजे पापुआ, त्यात मधोमध डोंगररांग आणि तिच्यात बालीएम नावाची दरी आहे. दरीचा तळच साधारण १६०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर लोकांची शेतं आणि त्याच्याही वर डोंगर. वामेना हे तिथलं मुख्य शहर, किनाऱ्यावरच्या जयापुरा शहराजवळच्या सेंतानीहून विमानाने पाऊणेक तासात येतं. आम्हीही तसेच आलो आणि मग वामेनाहून दक्षिणेला, गाडीरस्ता संपतो तिथून चालत. ज्या वस्तीत चार रात्री राहिलो तिचं नाव मुद्दाम देत नाही.

दरीत राहणाऱ्या दानी जमातीच्या लोकांच्या गोल झोपड्यांना होनाई म्हणतात, लाकडाच्या भिंती, वर गवताचं जाड छप्पर, खिडकी नाही. पुरुषांची वेगळी, बायकामुलांची वेगळी, डुकरांचीही वेगळी. मी बाई असल्यामुळे मला बायकांच्यात बसता आलं. चूल मधोमध, धूर छपरातूनच झिरपत बाहेर जाणार, थोड्या वेळात डोळे इतके चुरचुरायला लागले की मी जमिनीलगत वाकून बसले. पण रात्री जी थंडी पडते ना, त्यात तो धूर नको असं कोण म्हणेल? उब त्याचीच. आणि रात्रभर खोकल्याचे आवाजही त्यामुळेच, म्हाताऱ्यांचे आणि तान्ह्यांचेसुद्धा.

ज्या बाईंकडे होतो त्यांना सगळे मामा म्हणायचे, तिकडे मामा म्हणजे आई, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला तसंच म्हणतात. मला पहिल्या दिवशी फार गंमत वाटली, आईला मामा! मामा पहाटे काठी घेऊन शेतात जायच्या आणि परत येताना डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या नोकेनमध्ये रताळी भरून आणायच्या. नोकेन म्हणजे झाडाच्या सालीचा दोर वळून हाताने विणलेली जाळीदार पिशवी, तिचा पट्टा कपाळावर येतो आणि सगळं वजन मानेवर. एका नोकेनमध्ये रताळी, दुसरीत पाला घालून निजवलेलं बाळ, दोन्ही एकाच कपाळावर, आणि उतारावरची वाट चिखलाची. मी एकदा रताळ्यांची नोकेन कपाळाला लावून बघितली, दहा पावलांत मान भरून आली. २०१२ मध्ये युनेस्कोने ही कला जपायला हवी म्हणून यादीत घेतली, ते चांगलंच आहे, पण ती पिशवी किती ओझं वाहते ते बघायचं असेल तर मामांच्या कपाळावरची खाच बघावी.

रताळ्याला दानी भाषेत हिपेरे म्हणतात. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, निखाऱ्यात भाजून, राख झटकून. आपल्याकडे उपवासाला आठवण येते त्या रताळ्यावर इथे माणसं आणि डुकरं दोघं जगतात. आणि शेती बघाल तर थक्क व्हाल. तळात वाफ्यांभोवती खोल चर खणलेले, जास्तीचं पाणी त्यातून निघून जातं, चरात साठलेला गाळ उपसून परत वाफ्यावर टाकतात, तेच खत. उतारावर कोकणातल्या गडग्यांसारखे दगड रचून केलेले बांध, डुकरं शिरू नयेत म्हणून कुंपणं. खणणं, कुंपण घालणं पुरुषांचं, लावणी, खुरपणी, काढणी बायकांची. १९३८ साली रिचर्ड आर्चबोल्ड यांच्या मोहिमेने विमानातून ही दरी पाहिली तेव्हा त्यांना खाली आखलेली शेतंच दिसली होती. ज्यांनी हे पिढ्यानपिढ्या जमवलंय त्यांना अश्मयुगी म्हणायला जीभ कशी रेटते कळत नाही मला.

पण ह्याच शेतीत एक भीती दडलेली आहे. तिथे कणगी नाही, कोठार नाही. रताळं जमिनीतच ठेवायचं आणि रोज लागेल तेवढं काढायचं, जमीन हेच कोठार. मग वरच्या डोंगरांवर पाऊस गेला आणि रात्री आभाळ निरभ्र राहून दंव गोठून हिम झालं की वेल एका रात्रीत करपतात, खालचं रताळं सडतं, आणि नवीन लावलं तरी त्या थंडीत तयार व्हायला कितीतरी महिने लागतात. तेवढे महिने काय खायचं? १९९७ च्या एल निनोत असंच झालं. २०२३ मध्ये पुंचाक जिल्ह्यातल्या अगांदुगुमेच्या भागात परत दुष्काळ आणि हिम एकत्र आलं, माणसं दगावली, आणि मदत पोचवणंही सोपं नव्हतं कारण तिथे विमान हवामान बघून आणि लष्कर-बंडखोरांच्या गोळीबाराची भीती बघून उतरतं.

कारण सगळं एक तर विमानाने येतं नाही तर कोणाच्या तरी पाठीवरून येतं. मीठ, साबण, रॉकेल, खिळे, छपराचा पत्रा. दुपारी ढग दाटले की उड्डाणं बंद, म्हणून जे काय असेल ते सकाळीच. २०१६ च्या आधी ह्या डोंगरांत कुठे कुठे पेट्रोल लिटरला पन्नास हजार ते एक लाख रुपिया होतं आणि जावा बेटावर साडेसहा-सात हजारांच्या आसपासच. मग सरकारने सगळीकडे एकच भाव जाहीर केला, सुरुवातच पापुआतल्या याहुकिमोतून केली. पण जिथे पंपच दोन दिवस चालून येतो तिथे भाव एक असून काय होतं?

तिसऱ्या दिवशी आमच्या बरोबरच्या हमाल पोराचा पाय धारदार दगडावर चांगलाच कापला. वस्तीच्या वर एक आरोग्य उपकेंद्र होतं, तिकडे त्याला पुस्तू म्हणतात, रंगवलेलं, पाटी लावलेलं आणि कुलूप. नर्स खाली शहरात, कधी येईल माहीत नाही. शाळाही तशीच, इमारत उभी, गुरुजी परीक्षेच्या आसपास येतात असं पोरं म्हणाली. आम्ही पाणी उकळून जखम धुतली, माझ्याकडचं बेटाडिन लावलं, ओढणी फाडून बांधली. अर्ध्या तासात बाहेर आठ-दहा बायका येऊन बसल्या, कोणाच्या कडेवर तापाने फणफणलेलं मूल, कोणाचा गुडघा. मी डॉक्टर नाही हे गाइडने चारदा सांगितलं तरी कोणी उठेना. माझ्याकडे पॅरासिटामॉलची दीड पट्टी होती. मुलांना किती द्यायचं मला ठाऊक नव्हतं, म्हणून नुसत्या मोठ्यांना दिल्या, आणि त्या तापलेल्या बाळाची आई गप्प उठून गेली ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या रात्री मामांनी गाइडला मधे घालून विचारलं, तुझ्या घरापासून डॉक्टर किती दिवसांवर? मी म्हटलं दिवस नाही, पायी दहा मिनिटं. त्यांनी गाइडला परत विचारायला लावलं, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून.

नंतर बरंच काही झालं. २०१८ च्या डिसेंबरपासून शेजारच्या न्डुगात लष्कर आणि स्वातंत्र्य मागणारे बंडखोर ह्यांच्या लढाईत हजारो लोक गावं सोडून जंगलात आणि वामेनाकडे पळाले, २०१९ च्या सप्टेंबरात खुद्द वामेनात दंगल झाली. २०२२ मध्ये पापुआ पेगुनुंगान हा वेगळा डोंगरी प्रांत झाला, इंडोनेशियातला समुद्र नसलेला एकुलता एक, आणि मानव विकास निर्देशांकात ३८ प्रांतांत सगळ्यात खालचा. नवा प्रांत म्हणजे नवी ऑफिसं, नव्या इमारती. मला फक्त त्या पुस्तूचं कुलूप उघडलं का ते हवंय.

वस्तीत रेंज नाही. गाइड शहरात आला की कधीतरी मेसेज करतो. ह्या वेळी लिहिलं होतं, पावसाने खालची वाट खचली, लांबच्या वळशाने जावं लागतंय, मामांना मीठ आणि साबण कोणाबरोबर तरी पाठवलंय, पोचायला तीन दिवस लागतील.