न्हंयपलतडचं (नदीपलीकडचं) पेन्शन : पणजोबांचा शोध घेत गोव्यात तीन दिवस

आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट अशी की पणजोबा पाखल्यांच्या म्हणजे पोर्तुगीजांच्या पलटणीत होते, सत्तरी तालुक्यात राण्यांचं, म्हणजे राणे घराण्याचं, बंड मोडायला गेले आणि तिकडेच मेले, आणि पणजीला त्यांचं पेन्शन मिळायचं. मूळ गाव पेडणे तालुक्यातलं, आजोबा मुंबईला गिरणीत आले आणि आम्ही डोंबिवलीकर झालो. पणजोबांच्या वडलांचं नाव मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबा गेल्यावर हे फार टोचायला लागलं म्हणून जूनमधे रजा टाकली आणि कोकण रेल्वेने थिवीला उतरलो. म्हापशाला चुलत भाऊ राहतो, दादा, तो न्यायला आला होता. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितोय कारण आमच्यासारखी पेडणे, डिचोली, सत्तरी, सावंतवाडीकडची कितीतरी घरं असतील ज्यांच्याकडे फौजेतल्या माणसाची एक अर्धवट गोष्ट आहे आणि पुढे काहीच नाही.

पहिला दिवस पणजीत, पुराभिलेख खात्यात. हे दफ्तरखाना म्हणून १५९५ पासूनचं आहे, दियोगु दो कौतो त्याचा पहिला प्रमुख, आणि नंतर पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते नीट लावलं. आत बसल्यावर खरंच अंगावर काटा येतो. पण जाण्याआधी एक दिवस फोन करा, वाचनाची खोली सध्या कुठे आणि किती वाजेपर्यंत आहे ते विचारा, आधार कार्डाची झेरॉक्स आणि कशासाठी शोधताय त्याचा साधा अर्ज बरोबर ठेवा. शाईचं पेन बॅगेतच राहू द्या, पेन्सिल न्या. आणि सुट्ट्या बघून जा, गोव्याच्या सुट्ट्या आपल्यापेक्षा वेगळ्या असतात, ३ डिसेंबर, १९ डिसेंबर, आणि चतुर्थीच्या आठवड्यात तर कुठल्याच ऑफिसात काम होईल अशी आशा धरू नका.

पोर्तुगीज फौजेतला माणूस शोधायचा तर सरकारी गॅझेट, म्हणजे बोलेतीं, १८३७ पासूनचं आहे आणि त्यात नेमणुका, बढत्या, रिटायरमेंट, पेन्शन सगळं छापून यायचं. पाट्टोच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीतही गोव्याच्या इतिहासाचा वेगळा विभाग आहे, तिथेही जा. पोर्तुगीज येत नसेल तरी चालतं, मला शून्य येतं, पण सातआठ शब्द पाठ करून गेलो होतो. सोल्दादु म्हणजे शिपाई, काबु म्हणजे नाईक, रेफोर्मादु म्हणजे रिटायर, व्ह्यूवा म्हणजे विधवा, पेन्सांव, फालेसिदु म्हणजे मयत, फिल्यु दे म्हणजे अमक्याचा मुलगा, नातुराल दे म्हणजे अमक्या गावचा. छापील पानावर नजर फिरवायला एवढे पुरतात. नावं मात्र त्यांच्या कानाने लिहिलेली असतात, श ला बऱ्याचदा एक्स, प्रभूचं पोरोबो, नाईकाच्या शेवटी क्यू यू ई, तेव्हा आडनाव पाचसहा प्रकारे लिहून कागद समोर ठेवा.

अजून एक, कुठली वर्षं चाळायची ते आधी ठरवून जा नाहीतर डोळे जातात नुसते. १८७१ मधे इथल्या देशी फौजेत बंड झालं आणि फौजच मोडून टाकली, त्यामुळे त्या वर्षाशी बऱ्याच जणांचा धागा तुटतो. १८९५ मधे मराठा शिपायांना मोझांबिकला पाठवायचं ठरलं, ते जायला तयार होईनात, बंड करून सत्तरीत गेले, दादा राणे त्यांच्यात मिळाले, आणि ते मोडायला थेट लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला. तुमच्याकडे "आफ्रिकेला जायला नको म्हणून पळाले" अशी गोष्ट असेल तर ती हीच. १९१२ ला पुन्हा राण्यांचं बंड झालं, आणि आमच्या गोष्टीतलं बंड हेच असणार म्हणून मी दिवसभर त्याच्या आसपासची वर्षं काढून बसलो. काही मिळालं नाही. शिपायांचे कागद लिस्बनच्या लष्करी दफ्तरखान्यातही असतात आणि आम्ही संध्याकाळी चहा पिताना लिस्बनला पत्र कसं लिहायचं ह्यावर बोलत होतो, इतके आम्ही त्या पाखल्यांच्या गोष्टीला चिकटलेलो.

दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस, बाहेर पडणंच शक्य नव्हतं. घरात बसून काकीला विचारत होतो, काकी ८४ वर्षांची, पणजीला तिने पाहिलेलं नाही पण सासूकडून म्हणजे माझ्या आजीच्या जावेकडून बरंच ऐकलेलं. मी विचारलं काकी, पणजी पेन्शन आणायला पणजी शहरात जायची का पेडण्यात मिळायचं. काकी सहज म्हणाली, "पणजे कित्याक? न्हंयपलतडी वचून पयशे हाडटाली ती." नदीपलीकडे जाऊन पैसे आणायची! किरणपाणीहून होडीने पलीकडे आरोंद्याला उतरायची आणि तिथून चालत सावंतवाडीपर्यंत. मी आणि दादा एकमेकांकडे बघतच राहिलो. तेरेखोल नदीच्या पलीकडे आरोंद्याच्या बाजूला पाखल्यांचं राज्य नव्हतंच, तिकडे सावंतवाडी संस्थान आणि वर इंग्रज. पोर्तुगीज सरकारचं पेन्शन आणायला बाई हद्द ओलांडून दुसऱ्याच्या राज्यात कशाला जाईल? हे वाक्य म्हणे घरात कायम बोललं जायचं, सगळ्यांनी ऐकलेलं, अर्थ कुणी लावलाच नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे की दफ्तरखाना गाठायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की पैसे कुठून आणायचे, किती महिन्यांनी, कोण बरोबर जायचं, अंगठा कुठे द्यायचे. शिपायाचा कागद त्याच्या गावात राहत नाही, ज्या सरकारचा पगार खाल्ला त्या सरकारकडे राहतो, आणि पेन्शन कुठल्या खजिन्यातून यायचं हे कळलं की सरकार कळतं. आणि बायकांना हे जास्त माहीत असतं कारण तो नेमका त्यांच्या हातात आलेला पैसा होता.

मग काकीनेच म्हटलं देव्हाऱ्यात वीराचा टाक आहे तो बघता का. आमच्याकडे घोड्यावरच्या माणसाचा चांदीचा टाक आहे, वीर म्हणून पुजतात, सर्वपित्रीला त्याच्यापुढे पान वाढतात. मी लहानपणी पाहिलाय पण हातात कधी घेतला नव्हता. आंघोळ करून दादाने तो काढला, लाल कपड्यावर ठेवला, हळदकुंकवाचा जाड थर. घोडेस्वार स्पष्ट, हातात छोटी तलवार, घोड्याच्या पायाखाली ढाल, आणि कडेला कुंकवाखाली आकडे, १९१४ आणि १९१८. उलटा केला तर राजाचं तोंड. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल होतं ते, वरची पट्टी अडकवायची दांडी तेवढी मोडलेली. शंभर वर्षं आम्ही त्याला वीर म्हणून हात जोडत होतो आणि तो आमचाच माणूस होता. काकी रडायला लागली, दादाही.

आता महत्त्वाचं. ह्या मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याची जी जाडी असते तिच्यावर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांच्या मेडलवरही नाव असतं. चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात. आम्ही कोरड्या मऊ कपड्याने नुसतं पुसलं, खोलीत अंधार केला, मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरला आणि दुसऱ्या मोबाईलने हळूहळू फिरवत फोटो काढले. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते फोटो मोठा केल्यावर दिसलं. नंबर, सिपॉय, पणजोबांचं नाव आणि ११० हा पलटणीचा आकडा.

११० म्हणजे ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, गेलेली. १०३, ११० आणि ११७ ह्या तिन्ही मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, खायला उरलं नाही तेव्हा घोडे मारून खाल्ले, आणि शेवटी सुमारे १३ हजार माणूस तुर्कांच्या कैदेत गेला. पलटणींचे आकडे १९२२ मधे बदलले हे लक्षात ठेवा, ११० वी मग पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली, म्हणजे मेडलवर एक आकडा आणि नंतरच्या कागदावर दुसरा असं होऊ शकतं.

त्याच रात्री कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजची साइट उघडली. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले आणि दुसऱ्या युद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ मधले मृत्यू त्यात आहेत, जिवंत परत आलेल्यांची नावं नाहीत. नावाने शोधलं तर काही नाही. मग नुसता नंबर आणि पलटण टाकली आणि आले. नावाचं स्पेलिंग आम्ही जन्मात विचार केला नसता असं. पुढे मृत्यूची तारीख, एप्रिल १९१६ मधली, वेढा संपायच्या आधीची. बसरा मेमोरियल. आणि अमक्याचा मुलगा, गाव सावंतवाडीतलं, जिल्हा रत्नागिरी. ते गाव आमचं नाही, पणजोबांचं आजोळ. आमचा अंदाज असा की गोव्याचा माणूस म्हणजे परक्या राज्यातला, म्हणून भरतीला मामाच्या गावचा पत्ता दिला असणार. तेव्हा पेडणे, गोवा असं शोधत बसू नका, पलीकडची गावंही बघा, आणि सिंधुदुर्ग हा शब्द जुन्या कागदात मिळणारच नाही कारण तो जिल्हा १९८१ मधे झाला, त्याआधी रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान. लाहोरची जी डिजिटल रजिस्टरं सध्या खूप फिरतात ती पंजाबच्या शिपायांची आहेत, आपल्या माणसांसाठी त्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट वाचून फार वाईट वाटलं. बसऱ्याच्या त्या स्मारकावर साहेबांची नावं दगडात कोरली पण हिंदी शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा लिहिला. म्हणजे तिथे गेलो असतो तरी पणजोबा सापडले नसते. देव्हाऱ्यातल्या चांदीवर त्यांचं नाव होतं.

तरी शंका राहतेच, त्या नावाची माणसं काय कमी असतात. ती तिसऱ्या दिवशी पेडण्यात मिटली. गोव्यात १९१४ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सगळ्यांना सक्तीची झाली, हिंदू असो ख्रिस्ती असो, आणि ती रजिस्टरं तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे किंवा जुनी असतील तर पुराभिलेखात असतात. आजोबा लढाईच्या वेळचे एवढंच माहीत होतं म्हणून १९१४ ते १९१७ असा अर्ज केला. एका क्लार्कबाईंनी पाऊण तास उभं राहून पानं उलटली, त्यांचे उपकार विसरणार नाही. १९१५ ला आजोबा सापडले (म्हणजे १९१२ च्या बंडात मेलेल्या बापाची गोष्ट इथेच संपली). आणि पोर्तुगीज जन्मनोंदीचं मोठेपण हे की त्यात आईबापाबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांची पण नावं लिहितात. आजोबांच्या आजोबांचं नाव पोर्तुगीज अक्षरात समोर होतं, रात्री इंग्रजी साइटवर अमक्याचा मुलगा म्हणून वाचलेलं तेच. दोन वेगवेगळ्या राज्यांचे कागद, दोघांची स्पेलिंगं वेगळी, मोठ्याने वाचली की नाव एकच. एकट्या कुठल्याही कागदाने मी छातीठोक बोललो नसतो. नोंदीची प्रमाणित प्रत लगेच मिळत नाही, अर्ज करून या आणि तिथल्या ओळखीच्या कुणाला आणायला सांगा. वाचायला अडलं तर कोर्टाच्या आसपास जुनं पोर्तुगीज वाचणारी वयस्कर माणसं भेटतात, ती आहेत तोवर हे करून घ्या.

ज्यांचे आजोबा, वडील दुसऱ्या युद्धात किंवा नंतर मराठा रेजिमेंटला होते त्यांनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं, म्हापशाहून चोर्ला घाटाने जाताही येतं पण मिलिटरी एरिया आहे, नुसतं जाऊन उभं राहून उपयोग नाही, आधी पत्र. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा. पेन्शनर असेल तर पीपीओ म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर शोधा, बँकेच्या जुन्या पासबुकात किंवा डिस्चार्ज बुकात असतो. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोल म्हणजे भरती झालेल्यांची यादी मात्र कायमची ठेवतात, म्हणून पत्रात "लाँग रोलमधली नोंद" असंच स्पष्ट मागा, नाहीतर रेकॉर्ड नष्ट झालं एवढंच उत्तर येईल. पणजीतल्या राज्य सैनिक बोर्डाकडे चौकशी केली तर अर्ज कसा करायचा तेही कळतं. आम्हीही पत्र टाकलंय.

निघायच्या दिवशी सकाळी दादा किरणपाणीला घेऊन गेला. पाऊस थांबलेला, नदी लाल, पलीकडे आरोंदा अगदी जवळ दिसतं. पणजी तेव्हा पंचविशीची पण नसेल, पोर वर्षाचं, आणि दर वेळी ही नदी ओलांडून नवऱ्याचे पैसे आणायला जायची. तिचा फोटो नाही आमच्याकडे, आणि जन्मनोंद पण मिळायची नाही.

घरी आलो तर काकी दारातच बसली होती. टाक पुन्हा जागेवर ठेवला, घोडेस्वार वर करून, होता तसाच. मग तिने विचारलं की तारीख मिळाली म्हणता तर तिथी कुठली. इतकी वर्षं दिवस माहीत नाही म्हणून सर्वपित्रीलाच करत होतो. दादाने मोबाईलवर १९१६ चं पंचांग काढलं, तिथी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली, पणजोबांच्या बापाचं नाव पण खाली लिहिलं, आणि काकीने तो कागद घडी घालून भटजींना दाखवायला पदराच्या गाठीत बांधला.