पाटणचा शिलालेख: शके, संवत्सर आणि शून्य

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिथला शिलालेख नीट पाहतात. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा हा दानलेख. दान देणारा निकुंभ घराण्यातला सोइदेव. लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. जर्मन संस्कृततज्ज्ञ कीलहॉर्न यांचं वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात आहे, ते हाताशी ठेवूनच दगडासमोर उभं राहावं. बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाकला की झिजलेल्या काना-मात्रा उठून दिसतात, समोरून फ्लॅश मारला की सपाट होतात. खडू, तेल, पीठ काहीही फासू नये.

सगळ्यात जास्त घसरायला होतं ते तारखेपाशी. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण आहे. शकात ७८ मिळवले की १२०६ येतं. पण प्रभव ६० वर्षांनी फिरून येतो. अलीकडचा १९८७ साली लागला. त्यातून १३ फेऱ्यांची ७८० वर्षं वजा केली की १२०७. एका वर्षाचा फरक! निकाल लागतो ग्रहणाने: ९ ऑगस्ट १२०७. म्हणून नुसत्या शकावर विसंबू नये. तिथी, संवत्सर, ग्रहण, जे मिळेल ते ताडून पाहावं.

संस्कृत श्लोक संपले की बरेच जण वाचन थांबवतात. पुढच्या जुन्या मराठी ओळी तर सोन्याच्या आहेत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं येणं मठाला दिलं, दर घाण्यामागे पळीभर तेल दिलं. खानदेशात गणिताचं अध्यापन कशावर चालायचं, ते इथे कळतं.

आणि शिकवायचे काय? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातलं एक उदाहरण घ्या. एका संख्येला ० ने गुणलं, आलेल्यात त्याचंच अर्धं मिळवलं, ३ ने गुणलं, ० ने भागलं, ६३ आले. ग्रंथातलं उत्तर १४. आजच्या नियमाने पहिल्याच पायरीला सगळं ० होतं आणि गणितच चूक वाटतं. भास्कराचार्यांचा नियम वेगळा आहे: पुढे क्रिया उरली असेल तर गुणक शून्य मांडून ठेवायचं, आणि शेवटी शून्यानेच भागायचं असेल तर राशी, म्हणजे ती संख्या, जशीच्या तशी धरायची. १४ अधिक ७ म्हणजे २१, त्याची तिप्पट ६३. शून्य ही त्यांच्या लेखी संख्या होती की क्रियेची खूण, हा प्रश्न इथून सुरू होतो. ‘लीलावती’चं हस्तलिखित चाळताना या उदाहरणावरची टीका, म्हणजे भाष्य, पायरी-पायरीने उतरवून घ्यावी आणि टीकाकार शून्य नेमकं कुठे काढून टाकतो, ते पाहावं.