लेक उशिरा बोलू लागली : कोल्हापुरातला माझा अनुभव

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटलं, की आमच्या शिवाजी पेठेत दर घरातून एक दाखला येतो. कुणाचा चुलता चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता आणि आज कोर्टात वकिली करतोय. कुणाचं पोरगं जोतिबाला नवस बोलल्यावर बोलायला लागलं. "बोलंल की, गडबड काय हाय?" हे आम्ही इतक्या मायेच्या माणसांकडून ऐकलं, की राग येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय त्यांचे दाखले खोटे नसतात. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच मुलं तीन-चार वर्षांपर्यंत बाकीच्यांना खरंच गाठतात. पण दोन वर्षांच्या पोराकडे बघून हे गाठणार की मागं राहणार, हे घरात बसून कुणालाच ठरवता येत नाही. आमची लेक आता पहिलीत आहे. मधल्या काळात काय काय करावं लागलं, ते त्याच वळणावर असलेल्या आईबापांसाठी लिहितोय.

बाळाच्या लसींसाठी जे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं, त्यावर वाढीचे टप्पेही छापलेले असतात. लसीच्या तारखा संपल्या की ते कपाटात जातं. बायकोनं ते बाहेर काढून नीट वाचलं, तिथून आमची सुरुवात झाली. साधारण सहा ते नऊ महिन्यांत 'बबब, ददद' असं बडबडणं, वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि बोट दाखवून मागणं, दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि 'पप्पा ये', 'अजून दूद' अशी दोन शब्दांची जोडणी, असा सर्वसाधारण क्रम असतो. थोडं मागंपुढं चालतं. आमच्या लेकीकडे दोन वर्षांची झाल्यावरही मोजके शब्द होते आणि जोडणी एकही नव्हती. ती बोट दाखवायची, हात धरून ओढत न्यायची, हसायची, आरशासमोर नाचायची. शब्द तेवढे येत नव्हते.

बायकोचं माहेर चिक्कोडीकडचं, कन्नड बोलणारं. त्यामुळं पहिलं बोट तिच्याकडं गेलं. 'दोन भाषांनी पोरगी गोंधळली, माहेरचं बोलणं बंद कर' असा सल्ला जवळच्यांनी दिला. हा समज फार खोलवर बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे, म्हणून ठासून सांगतो. दोन भाषांमुळं भाषेचा विकार होत नाही. विकार असलाच तर तो दोन्ही भाषांत दिसतो. पुढं भाषा-उपचार करणाऱ्या थेरपिस्ट मॅडमनी शब्द मोजले तेव्हा आजोळचं 'हालु' आणि आमचं 'दूद' हे दोन्ही मोजले. अज्जीनं नातीशी कन्नड बोलणं थांबवलं असतं, तर पोरीचं एक हक्काचं, मायेनं बोलणारं माणूस मात्र गप्प झालं असतं.

बालरोगतज्ज्ञांनी सगळ्यात आधी कान तपासायला सांगितले. माझ्या आईला ते पटेना. "मिक्सर लावला की पळत येतीया, टीव्हीचं गाणं लागलं की नाचतीया, हिला ऐकू येत न्हाई?" शंका रास्त होती. पण मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातला प्रत्येक वर्ण स्पष्ट ऐकू येणं वेगळं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साठून राहिलं तर ऐकणं मंद होतं. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला भाषा अर्धवटच पोचते आणि घरात ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मूल बोलत नसेल तर 'ऐकू येतंय की' म्हणून ही पायरी गाळू नये.

दोन छोट्या तपासण्या लगेच झाल्या. पडद्यामागं पाणी आहे का ते एक यंत्र कानात हलका दाब देऊन बघतं. दुसरं कानाच्या आतल्या पेशींचा प्रतिसाद टिपतं. तिसरी, बेरा नावाची, जरा वेळ खाते. कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवतात, कानात टकटक असा आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का याची नोंद संगणकावर होते. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं हवं. त्या दिवशी सकाळी लवकर उठवून दुपारपर्यंत तिला जागं ठेवायचं काम माझ्याकडं होतं. रंकाळ्यावर नेलं, बदकं दाखवली, गाडीवर डोळे मिटायला लागली की गाणी म्हटली. कान चांगले निघाले. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी पुढचा प्रश्न उभा राहिला : मग काय?

पुढचा टप्पा भाषा-तपासणीचा. तपासणी म्हणजे टेबलखुर्ची असेल असं वाटलं होतं. मॅडम जमिनीवर बसल्या, खेळण्यातली भांडी मांडली आणि बराच वेळ नुसत्या खेळल्या. पोरगी डोळ्याला डोळा देते का, आवडलेली वस्तू आणून दाखवते का, खोटा खोटा चहा पाजते का, हे त्या बघत होत्या. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका त्यांनी तिथंच तपासली, आमच्याकडून एक प्रश्नावलीही भरून घेतली. त्या अंगानं काळजी नव्हती.

मग त्यांनी मला एक गोष्ट करायला लावली. "तिला सांगा, चप्पल आण. पण हात हलवायचा नाही आणि चपलेकडं बघायचंही नाही." मी सांगितलं. लेक माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मी नेहमीसारखा हात केला, मान वळवली. लगेच धावत जाऊन घेऊन आली. घरात आम्ही सगळे म्हणत होतो की हिला सगळं समजतं, फक्त बोलत नाही. ती आमचे हात, नजरा, रोजची वेळ वाचत होती आणि ते ती फार हुशारीनं करत होती. शब्दांचं समजणंही मागं होतं. मॅडमनी समजावलं, की बोलणं उशिरा असलं तरी समज पक्की असेल, खुणा भरपूर असतील तर मूल बाकीच्यांना गाठेल ही आशा जास्त. समजही कमी असेल, किंवा घरात कुणाला बोलण्या-वाचण्याची अशीच अडचण असेल, तर वाट बघत बसू नये. हा फरक मला आधी कुणी सांगितला नव्हता. दोन वर्षांचं मूल घरात असेल तर आज संध्याकाळी हात मागं बांधून एक साधी गोष्ट सांगून बघा.

याच सुमारास घरगुती उपाय सुचवणारे बरेच भेटले. जिभेला वेखंड लावा, जिभेखालची दोरी कापून घ्या. दोरी फार आखूड असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो. पण शब्द न समजणं, वाक्य न जुळणं याचा जिभेशी संबंध नाही. ती दोरी कापून भाषा येत नाही.

थेरपीत मुलापेक्षा आम्हीच जास्त शिकलो. 'म्हण, म्हण' हे घरातून हद्दपार झालं. 'हे काय? ते काय?' हे प्रश्नही कमी झाले, कारण प्रश्नानं परीक्षा होते, भाषा मिळत नाही. ती ज्याकडं बघतेय त्याचंच बोलायचं, छोटं बोलायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. ती 'म्हस' म्हणाली की आम्ही 'काळी म्हस आली' म्हणायचं. तिच्या शब्दाला एक शब्द जोडून परत द्यायचा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हशी पिळतात, तिथं मी तिला मुद्दाम घेऊन जायचो. 'म्हस आली', 'दूध काढलं', 'फेस आला', 'गरम हाय', 'अजून पाहिजे?' रोज तेच, त्याच क्रमानं. पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय या मुलांच्या डोक्यात शब्द टिकत नाही. मोबाईलबद्दल मॅडम स्पष्ट होत्या : मोबाईलमुळं हा विकार होत नाही, पण जितका वेळ पडदा बोलतो तितका वेळ माणूस बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको असं सांगितलंय. आम्ही जेवताना तो पूर्ण बंद केला.

शब्द वाढले, जोडण्या आल्या. चार वर्षांनंतर वाक्यांची गुंतागुंत पुढं आली. मराठीत तो-ती-ते सांभाळायचं, आणि 'भाकरी खाल्ली', 'भात खाल्ला' म्हणताना क्रियापद खाण्याच्या पदार्थामागं फिरवायचं. लहान मुलं यात चुकतातच, पण हळूहळू आपोआप सुधारतात. आमची सुधारत नव्हती. म्हणून पुन्हा तपासणी झाली, त्यात ती 'मी आलो' म्हणाली आणि मॅडमची पेन्सिल थांबली. त्यांनी माझ्या आईला विचारलं, "तुम्ही घरी कसं बोलता?" आई म्हणाली, "मी बी तसंच म्हंतो की!" कोल्हापुरात कित्येक बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. ते वाक्य चुकीत धरलं गेलं नाही. पुस्तकी मराठीच्या मापानं मोजलं असतं तर घरची बोली आजार म्हणून लिहिली गेली असती. तपासणाऱ्या माणसाला तुमच्या घरची बोली सांगा, न विचारता सांगा.

मग नाव मिळालं : विकासात्मक भाषा विकार, इंग्रजी आद्याक्षरांत डीएलडी. ऐकू न येणं, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता यांपैकी कारण नसताना भाषा शिकण्यातच टिकून राहणारी अडचण. हे नाव 2016-17 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं एकमतानं सुचवलं, त्याआधी एकाच गोष्टीला अनेक नावं होती. इंग्लंडमधल्या अभ्यासात शाळेत जाऊ लागलेल्या मुलांत हे प्रमाण साधारण 7 टक्के आढळलं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. तरी हे नाव आमच्या ओळखीत कुणी ऐकलेलं नव्हतं. बायकोला आधी रडू आलं, मग ती म्हणाली, "आता शाळेत सांगायला तरी काहीतरी आहे."

आणि ते लागलंच. बालवाडीत तिच्याबद्दल 'लक्ष नसतं' असा शेरा आला होता. 'वही काढा, पान उघडा, तारीख लिहा' असं एका दमात सांगितलं की ती पहिलं काम करायची आणि शेजारच्या मुलीकडं बघून बाकीचं. दंगा करणारं पोर सगळ्यांना दिसतं. बघून बघून वेळ निभावणारी शांत मुलगी कुणाला दिसत नाही. पहिलीच्या बाईंना आम्ही मॅडमचं पत्र दिलं : पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, चित्र किंवा वस्तू दाखवा, उत्तराला जरा जास्त वेळ द्या. बाईंनी ते मनावर घेतलं. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

खर्चाचं विचारणारे खूप आहेत, म्हणून सांगतो. 2013 साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि गरज वाटल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतं. तिथं तपासणी मोफत असते. अंगणवाडी ताईंना स्वतःहून सांगा. गर्दीत पथकाच्या नजरेतून शांत मूल सुटू शकतं. खासगीत जात असाल तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात संकोच नको, चांगली माणसं स्वतःच दाखवतात.

डीएलडी असलेल्या मुलांना पुढं वाचनात अडचण येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून दुसरीत वाचनाची तपासणी करायचं ठरलंय. तोवर रोज रात्री गोष्ट वाचतो, ती तिच्या शब्दांत मला परत सांगते. क्रम अजून चुकतो, शेवट आधी येतो, 'म्हणून' आणि 'पण' विसरतात. मी मधे तोडत नाही. तिचं सांगून झालं की मी ती गोष्ट नीट क्रमानं पुन्हा एकदा सांगतो, आणि अज्जीचा फोन आला की ती तीच गोष्ट अर्धी कन्नडमध्ये तिला ऐकवते.