तुम्ही विचारलंत म्हणून: पोकरचे पैसे मी वेगळे का ठेवतो

बेळगावच्या वडगावातल्या यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहून पोट भरणाऱ्या माणसाने पोकरसाठी बँकेत स्वतंत्र खाते ठेवावे, त्यात सुरुवातीला सहा लाखांच्या आसपास रक्कम असावी आणि घरात कितीही ओढाताण झाली तरी तिला हात लावू नये, हे कशासाठी, असा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात आणि अलीकडे तर मयताला गेल्यावरही विचारला जातो. पोकर हा जुगार आहे की कौशल्याचा खेळ, यात विचारणाऱ्यांना रस नसतो. त्यांना पणजीतल्या त्या रात्रीविषयी ऐकायचे असते आणि ते थेट विचारणे बरे दिसत नाही, म्हणून खात्याची चौकशी होते. तेव्हा एकदाचे लिहूनच टाकतो.

पोकरच्या प्रत्येक डावात पाने वाटण्याआधी दोघांना आळीपाळीने सक्तीची रक्कम मांडावी लागते. त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड, किंवा नुसते ब्लाइंड. शंभर-दोनशेचे टेबल म्हणजे छोटी रक्कम शंभर, मोठी दोनशे. टेबलावर बसताना साधारण शंभर बिग ब्लाइंड इतकी रक्कम घेऊन बसतात. तिला बाय-इन म्हणतात. दर शंभर डावांमागे सरासरी पाच ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगलाच म्हटला पाहिजे, पण त्याच शंभर डावांतला चढउतार नव्वद ब्लाइंडच्या घरात असतो. असा खेळाडू तीन बाय-इन घेऊन उतरला आणि तेच टेबल धरून राहिला, तर कधी ना कधी सगळे गमावण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास निघते. वीस बाय-इन असतील तर ती आठ-नऊवर येते आणि तीस असतील तर दोन-तीनवर. माझे सुरुवातीचे सहा लाख म्हणजे शंभर-दोनशेच्या टेबलाचे तीस बाय-इन. यापलीकडे त्या आकड्यात काहीही गूढ नाही.

हे गणित मला शिकवले माझ्या चुलत भावाने. तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो आणि माझ्यापेक्षा चांगला खेळतो. हे मी तेव्हाही मान्य करीत होतो आणि आजही करतो. ख्रिस फर्ग्युसन या अमेरिकी खेळाडूने २००६ मध्ये शून्यापासून सुरुवात केली, जवळच्या एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक एका टेबलावर मांडायचे नाही असा नियम घालून घेतला आणि दहा हजार डॉलर उभे केले, ही गोष्ट त्याला पाठ होती. आम्ही दोघेही मोबाइलवर दोन-पाचच्या टेबलांवर खेळत होतो, जिथे बाय-इन पाचशे रुपयांचा असे आणि पगारदार माणसालाही हा नियम पाळणे परवडत असे. पुढे १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. कंपन्या बोनस देऊन करीत ती सारवासारव सोडली तर दहा हजार भरून खेळायला सात हजार आठशेच मिळू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच झाले. आम्हाला उरली मांडवी नदीतली कॅसिनोची जहाजे. भावाजवळ साठ हजार रुपये होते. मोबाइलवर ते एकशेवीस बाय-इन होते. चोर्ला घाट उतरून गेल्यावर तेच पैसे तीन बाय-इन झाले, कारण आम्ही बसलो तिथे शंभर-दोनशेच्या खालचे टेबलच लागलेले नव्हते.

त्या संध्याकाळी जांबोटीच्या पुढे मी त्याला एकदा म्हणालो होतो की आज नुसते बघू. तो हसला. पहिले वीस हजार तासाभरात सरळसरळ गेले, त्यात सांगण्यासारखे काही नाही. उरलेले चाळीस त्याने एकदम टेबलावर घेतले. पुढे बऱ्याच वेळाने त्याच्या हातात दोन एक्के आले, समोरच्याने वाढवत वाढवत सगळे मांडले आणि पाने उघडली तेव्हा समोर दोन राजे होते. एक्क्यांविरुद्ध राजे शंभरात अठरा वेळा जिंकतात. टेबलावर सगळ्यांसाठी जी पाच पाने उघडतात, त्यातल्या पहिल्या तिनांत काही नव्हते. चौथे पान किलवरचा राजा आले. डीलरने चिप्सचा ढीग पलीकडे सरकवला. भावाने आपले दोन एक्के बोटाने एकमेकांशेजारी नीट सरळ लावले, डीलरने ते ओढून घेईपर्यंत त्यांच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दादा, वीसच दे की."

माझ्या खिशात चाळीस हजार होते आणि ते त्याच खात्यातून काढलेले होते. मी नाही म्हणालो. "खात्यात सहा लाख आहेत की तुझ्या," असे तो म्हणाला, त्यावर मी "पाच टक्के" एवढेच बोललो. त्याचाच नियम मी त्याला ऐकवला. तो ऐकवायला नको होता की काय, यावर माझे मत आठवड्याआड बदलते. परतताना कणकुंबीला चहासाठी थांबलो तेव्हा त्याने सांगितले की साठातले पस्तीस हजार काकूंच्या पाटल्या एका पतसंस्थेत तारण ठेवून आणलेले होते आणि काकूंना त्याचा पत्ता नव्हता.

लोक म्हणतात, तुला हे आधी माहीत असते तर दिले असतेस. उलट आहे. माहीत असते तर टेबलापर्यंत जाऊच दिले नसते. दोन एक्क्यांवर सगळे मांडणे बरोबरच होते. मीही मांडले असते. फरक इतकाच की दोनशे ब्लाइंडचा तोच डाव हरून मी तिसातल्या दोन बाय-इनला मुकलो असतो, आणि तो सगळ्यालाच मुकला. तसा मुकलेला माणूस पुढच्या वीस हजारांवर कसा खेळतो हे मी टेबलांवर पुष्कळ पाहिले आहे.

काकूंना मी समजावू पाहिले की घरात धान्य संपले तरी पेरणीचे बियाणे कोणी दळायला नेत नाही. त्या म्हणाल्या, "बियाणं पेरलं की उगवतं, ते दिसतं. तुझं काय उगवलं?" पाटल्या सोडवायला मी पैसे देऊ केले, तेही घरखर्चातून, पोकरच्या खात्याला तेव्हाही हात लावला नाही. दोन्ही रकमा माझ्याच असताना हा सोवळेपणा कशाला, असे बायकोने विचारले. तिला दिलेले उत्तर माझे मलाच पटले नव्हते. काकूंनी पैसे घेतले नाहीत.

शिस्त असली की पोकर हा धंदा आहे, असे मी पूर्वी छातीठोकपणे सांगत असे. त्या माणसाला आता विचारावेसे वाटते की, बाबा, तू जिंकणारा खेळाडू आहेस हे तुला कुणी सांगितले? वर सांगितलेला चांगला खेळाडूसुद्धा दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता शंभरात तिसाच्या जवळ असते, आणि खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीसच डाव होतात. म्हणजे माझ्यासारख्या अधूनमधून घाट उतरणाऱ्याला आपण कोण आहोत हे कळायलाच वर्षे लागणार. तीस बाय-इनचे गणित सरासरीने जिंकणाऱ्यासाठीच आहे. हरणाऱ्याचे पैसे त्यामुळे वाचत नाहीत, फक्त उशिरा संपतात. हे मान्य करूनही मी खाते मोडत नाही, कारण ते मोडले तर उरलेले पैसे घरातल्या पैशांत मिसळतील आणि मग मी किती हरलो हे मलाही सांगता येणार नाही.

ते खाते सध्या तेवीस बाय-इनवर आले आहे. वीसला पोचलो की खालच्या टेबलावर उतरायचे, असा नियम मी स्वतःच लिहून ठेवला आहे. खालचे टेबल लागलेच नाही तर काय करायचे, हे त्यात लिहिलेले नाही आणि अजून मी ते ठरवलेलेही नाही.