थंडी आमच्याच वेगाने

"माकडटोपी आण," एवढाच मित्राचा निरोप होता. त्याने बत्तीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली होती आणि हिवाळ्यासाठी ती फ्लोरिडाला न्यायची होती. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून पहिला आठवडाभर मी सोबत जायचं ठरलं. दक्षिणेचा प्रवास, भरलेलं शीड, ऊन खात पाय पसरून बसलेला मी. या चित्रात माकडटोपी कुठे बसते ते काही कळेना.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे डेकवर पाऊल ठेवलं आणि कळलं. दव गोठून डेक चुना फासल्यासारखा पांढरा झाला होता. दोर हातात घेतला तर तो वाकायला तयार नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत खाड्या, नद्या, दलदली आणि मधले कालवे जोडत हा इंट्राकोस्टल वॉटरवे जातो. बाहेरच्या समुद्रात केप हॅटरस आहे. तिथे इतकी जहाजं बुडाली आहेत की त्याला अटलांटिकची दफनभूमी म्हणतात. त्यामुळे आमच्यासारखे भित्रे आतूनच जातात. शून्य मैल नॉरफोकला, मायामी साधारण १,०९५व्या मैलावर. आणि हे मैल सागरी नाहीत, रस्त्यावरचे आहेत. त्यात नवल नाही, कारण सगळा मामलाच रस्त्याचा. लाल-हिरव्या खुणांच्या मधून चालायचं, जरा कडेला सरकलात की गाळात रुतलात. शीड बहुतेक वेळ गुंडाळलेलंच, खाली डिझेलचं इंजिन धडधडतंय.

"तांडेल, शीड कधी सोडायचं?" मी रोज विचारायचो.

"वाऱ्याला विचार," तो म्हणायचा. वारा कधी नाकावर, कधी झाडांच्या पलीकडे.

मग ऐन थंडीत निघायचंच कशाला? तर चक्रीवादळांमुळे. त्यांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. बऱ्याच विमा कंपन्या निदान नोव्हेंबर उजाडेपर्यंत बोट उत्तरेलाच ठेवायला सांगतात. लवकर निघालात तर विमा नाही, उशिरा निघालात तर बोटं बधिर. म्हणून सगळे एकदमच निघतात, वारीसारखे. फक्त इथे विठोबा म्हणजे ऊन.

पहिल्याच दिवशी आम्ही डिस्मल स्वॅम्प कालव्यात शिरलो. डिस्मल म्हणजे उदास, भकास. नाव ठेवणाऱ्याने आडपडदा ठेवलेला नाही. डीप क्रीकच्या जलपाशात बोट शिरली, मागचं दार बंद झालं, आणि पाणी भरत भरत बोट आठेक फूट वर आली. त्या संथ उचलण्यात मी थंडीसुद्धा विसरलो. पुढचं पाणी थेट कोऱ्या चहाच्या रंगाचं, तेही उकळून उकळून काळ्या झालेल्या. दलदलीतल्या झाडापाल्याचा अर्क उतरतो म्हणून. १८०५ साली सुरू झालेला हा कालवा गुलामांनी हातांनी खोदला, कमरेएवढ्या चिखलात उभं राहून. आणि याच दलदलीत पळून आलेले कित्येक गुलाम लपून राहिले. हे वाचलं त्या संध्याकाळी मी मोज्यांबद्दलची कुरकुर बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, ते वेगळं.

कालव्याच्या काठाने एक पायवाट आहे. तिथून एक बाई सायकलवरून आली, हात हलवून आमच्या पुढे निघून गेली. आमचा वेग तासाला सहा मैल! सूर्य पाचच्या आत बुडतो आणि अंधारात खुणा दिसत नाहीत, म्हणून दिवसाला फार तर पन्नास मैल. गाडीने जे अंतर पंधरा-सोळा तासांत कापता येतं त्याला बोटीने महिना लागतो.

तिथेच माझी चूक मला कळली. मला वाटत होतं, आपण थंडीपासून दूर जातोय. पण थंडीही दक्षिणेलाच निघालेली असते. दर चार-पाच दिवसांनी उत्तरेकडून एक नवी लाट येते, एका रात्रीत आम्हाला ओलांडून पुढे जाते आणि सकाळी पुढच्या गावात आमची वाट बघत बसलेली असते. मध्ये एखादा दिवस नैर्ऋत्येचा ऊबदार वारा सुटतो. माणूस स्वेटर काढतो, "आलो बुवा दक्षिणेत" म्हणतो. हा दिवस निव्वळ फसवा.

सुकाणूवर अर्धा तास एकजण, मग दुसरा. खाली गेलं की आल्याचा चहा, आणि त्याहून मोठं सुख म्हणजे तो उकळताना स्टोव्हवर धरलेले हात. पूल आला की मी मात्र हमखास वर यायचो. इथले बहुतेक उंच पूल पाण्यापासून पासष्ट फुटांवर, आमची डोलकाठी पंचेचाळीस फुटी. तरीही खालून पाहताना ती धडकणारच असं वाटतं. वीस फूट मोकळी जागा असताना मी दर वेळी मान खाली घालायचो.

अ‍ॅलिगेटर नदीत मगर दिसली नाही. थंडीत त्या निपचित पडून असतात, अक्कल आहे त्यांना. पुढचा लांबलचक कालवा संपवून आम्ही पंगो नदीच्या तोंडाशी नांगर टाकला. रात्री दुरून आवाज येऊ लागला, लग्नघरात बायका एकाच वेळी बोलतात तसा. पहाटे गोठलेल्या डेकवर उभं राहून बघतो तर डोक्यावरून पांढरे हंस रांगांनी चालले होते. टुंड्रा स्वान. आर्क्टिककडून हजारो मैल उडून हे दर हिवाळ्यात या भागातल्या तळ्यांवर उतरतात, ऊब शोधत.

"यांचं फ्लोरिडा इथेच," मित्र म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

ओरिएंटल नावाच्या छोट्या गावात मी उतरलो. माकडटोपी त्याच्याकडेच ठेवली. तीनेक आठवड्यांनी त्याचा फोटो आला. सेंट ऑगस्टीन, म्हणजे फ्लोरिडाच. मागे ताडाची झाडं, लखलखीत ऊन, आणि चेहऱ्याचे फक्त डोळे दिसत होते.