सुया तेवढ्याच, रुंद्या तीन

विणकामाच्या मशीनवरचा हा नमुना दिसायला सोपा होता. स्वेटरच्या तळाला स्लिप विणीचा पट्टा, मध्ये साधी वीण, छातीला टक वीण. बाजू सरळ आणि सुया सगळीकडे १५०, एका सुईवर एक टाका. चौकटीच्या कागदावर डिझाइन काढणारे सुया मोजतात आणि त्यालाच रुंदी समजतात. मशीनवरून उतरलेला पुढचा भाग तळाशी ४४ सेंमी, मध्ये ५०, छातीला ६० भरला.

दोष ना धाग्याचा, ना टेन्शनचा (टाका किती घट्ट पडतो त्याचा). स्लिपमध्ये धागा सुईला वगळून मागून सरळ जातो. टाक्याला लागला असता त्याहून तो कमी खर्ची पडतो आणि शेजारचे टाके जवळ ओढतो. टकमध्ये जुना टाका सुईवरच राहतो, नवा धागा हुकात नुसता पडून असतो. त्याला बांधणारं काही नसतं, म्हणून तो सरळ व्हायला बघतो आणि शेजाऱ्यांना बाहेर ढकलतो. धरून ठेवलेला टाका मात्र ओळी आवळतो: १० सेंमीला साध्या विणीच्या ४२ ओळी पुरल्या, टकला ६० लागल्या.

वाफ मारून बाजू सरळ करून देतो, असं इस्त्रीवाल्याचं म्हणणं. ते मी होऊ दिलं नाही. ॲक्रिलिकवर जोराची वाफ गेली की टकचा उठाव बसतो तो कायमचा.

टेन्शनचा डायल फिरवूनही भागत नाही. स्लिप सैल केल्यावर जेमतेम दोन सेंमी मिळाले. टक घट्ट केला तर हुकात धागे दाटतात आणि सुयांवरून धागा नेणारी कॅरेज अडकते. सुयाच बदलाव्या लागल्या: स्लिपला १७०, साध्याला १५०, टकला १२५. बदलाच्या ठिकाणी वेस्ट यार्नच्या, म्हणजे नंतर उसवून टाकायच्या धाग्याच्या, काही ओळी विणून भाग उतरवायचा आणि टाके कमी सुयांवर परत चढवायचे. टकच्या आधी दर सहा टाक्यांत एक जोडी, म्हणजे सहा टाके पाच सुयांवर. मग दोन ओळी साध्या, डायल थोडा सैल ठेवून. जोडटाक्यावर लगेच टक घेतला तर तो सुटतो. काठाची सुई मात्र प्रत्येक ओळीत विणलीच पाहिजे, नाहीतर कडेला धागा लोंबतो.

मापं धुऊन, रात्रभर सुकवल्यावर घेतली. तिन्ही पट्टे ५० सेंमी आले. पण ओढल्यावर ताणलं जाणं सारखं आलं नाही. स्लिपमागचे सरळ धागे आडवे ताणतच नाहीत, आणि तो पट्टा नेमका नितंबांवर येतो. तिथे सुया १८० कराव्यात की स्लिपची जागाच बदलायला सांगावं, हे अजून ठरत नाही.