तुम्ही विचारलंत म्हणून : मशीन का लावत नाही?

माझा डावा कान अचानक ऐकेनासा झाला. तेव्हापासून बारसं असो की सोसायटीची मीटिंग, प्रश्न ठरलेला: "अहो, मग मशीन का लावत नाही?" काळजीनंच विचारता, कळतं मला. पण कानाचं मशीन आवाज मोठा करतं. माझ्या डाव्या कानात मोठा आवाज नुसता पत्र्यासारखा खडखडतो, शब्द लागत नाहीत.

"लगेच दाखवायला हवं होतं." दाखवलं होतं! सर्दीनं दडा बसलाय म्हणून थेंब मिळाले आणि आठवडा गेला. मग नौपाड्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळावर टेकवला. आवाज उजवीकडे आला. नुसता दडा असता तर तो बंद कानातच मोठा आला असता. म्हणजे बिघाड आत, नसेकडे.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक वाढली, झोप उडाली, कान तसाच. एमआरआय केला; नसेवर गाठ नाही. कारण? बहुतेकांचं सापडतच नाही म्हणे.

मग कानाच्या पडद्यातून इंजेक्शन. दुखण्याचं मी विसरलेय. लक्षात राहिलंय ते नंतरचं अर्धा तास कुशीवर पडून राहणं. "बोलू नका, गिळू नका." गिळलं की कानातून घशाकडे जाणारी नळी उघडते आणि औषध ओघळून जातं. आणि गिळायचं नाही म्हटल्यावर तोंडाला नुसतं पाणी सुटतं. आमचे हे टिश्यू घेऊन शेजारी. शेवटी गिळलंच, घशात कडू उतरलं, आणि मला रडूच फुटलं. असं चार वेळा. हाती काय? थोडे खालचे स्वर.

चांगल्या कानाकडे आवाज पाठवणारं क्रॉस यंत्र वापरून पाहिलं. स्टेशनबाहेर डावीकडे रिक्षा उभ्या असल्या की तो गोंगाटही इमानदारीनं उजव्या कानात. परत दिलं.

आठवडा फुकट गेला नसता तर कान वाचला असता, असं मी वर्षभर म्हणत होते. आता तसं छातीठोक म्हणवत नाही. काहींचा आपोआप परततो, काहींचा वेळेत स्टेरॉइड घेऊनही नाही. पण तो आठवडा मला हवा होता, हे मात्र अजून म्हणते.

राहता राहिलं कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशननं कानात बसवायचं, थेट नसेला संदेश देणारं यंत्र. एका कानासाठीही बसवतात, ठाऊक आहे. कवटीत ऑपरेशन, लाखांचा खर्च, पुढे महिनोन्‌महिने ऐकण्याचा सराव. कधी वाटतं करावं, कधी नको. तोवर उजवीकडून बोला. आणि मी "काय?" म्हटलं की "जाऊ दे, काही नाही" म्हणू नका, पुन्हा सांगा.